हत्तीवाल्या करेन लोकांचा पाडवा

पाहुणे आले म्हणजे त्यांना भाट्याचा किनारा, पतितपावन मंदिर आणि थिबा राजाचा वाडा दाखवायचा, हा आपल्या रत्नागिरीत घरोघरचा रिवाज आहे. मागे एका उन्हाळ्यात माझी भाची आली होती, तिलाही मी वाड्यावर नेले. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवले, १९१० साली तो या वाड्यात राहू लागला आणि १९१६ च्या डिसेंबरात इथेच वारला, एवढे मला पाठ आहे. तेवढे मी तिला सांगितले. तर ती म्हणते, "पण मावशी, त्याला पकडलं कशासाठी?"

मला काही उत्तर देता येईना. इतकी वर्षे वाड्याच्या जाळीदार खिडक्या मी लोकांना दाखवीत आले आणि हा साधा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. मग वाचनालयातून पुस्तके आणली. इंग्रजीतले जे होते ते धाकट्या भावोजींनी फावल्या वेळी वाचून मराठीत सांगितले. शोधायला गेले राजाची गोष्ट आणि हाती आली हत्तींची आणि हत्तीवाल्यांची. आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह होता, म्हणून तीच येथे देत आहे. भगिनींनी गोड करून घ्यावी.

राजाला पकडण्याचे कारण एका शब्दात सांगायचे तर सागवान. १८६३ साली आपल्या मुंबईत 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' या नावाची कंपनी निघाली. वॉलेस नावाचे स्कॉच बंधू तिचे चालक होते. ब्रह्मदेशच्या रानातला साग तोडायचा, नदीने खाली आणायचा आणि जगभर विकायचा, हा तिचा धंदा. कंपनी जितके ओंडके नेते तितक्यांचे पैसे भरीत नाही, असा आरोप ठेवून १८८५ साली थिबाच्या दरबाराने तिला सुमारे तेवीस लाख रुपये दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्तच हवे होते. फ्रेंच लोक मंडालेत पाय रोवतील ही धास्तीही त्यांना होती. नोव्हेंबर महिन्यात आगबोटींतून फौज इरावती नदीने वर गेली आणि महिना संपायच्या आत राजा कैद झाला. १ जानेवारी १८८६ रोजी राज्य खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला. मंडाले म्हटले की आपल्याला लोकमान्य टिळकांची १९०८ ते १९१४ ही तुरुंगवासाची वर्षे आठवतात. आपला माणूस तिकडे कैदेत आणि त्यांचा राजा आपल्याकडे कैदेत, असा हा उलटा व्यवहार.

असो. राजाचे पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. मला मात्र सागाच्या ओंडक्याने धरून ठेवले. आपल्या कोकणातल्या आणि मुंबईतल्या किती जुन्या घरांत झोपाळ्याची पाटी, देवघराची चौकट, कपाट दाखवून वडीलधारी माणसे अभिमानाने सांगतात की हा बर्मा टीक आहे, शंभर वर्षे वाळवी लागायची नाही. तो ओंडका डोंगरातून बंदरापर्यंत आला कसा?

सागाचे ओले लाकूड पाण्यावर तरंगत नाही. म्हणून आधी झाडाच्या बुंध्याभोवती खोल कडे कोरतात आणि झाड उभ्याउभ्याच वाळू देतात. दोन-तीन वर्षांनी ते तोडायचे. मग टन-दोन टनांचे ओंडके उतारावरून, दगडधोंड्यांतून, कोरड्या ओढ्याच्या पात्रापर्यंत ओढत न्यायचे. तिथे ना रस्ता, ना गाडीवाट. हे काम करील असे जनावर एकच, हत्ती. पुढे पावसाळ्यात ओढ्याला लोंढा आला की ओंडके वाहू लागतात. मधे अडकून त्यांचा बांध झाला तर तो फोडायलाही हत्तीच. मोठ्या नदीवर तराफे बांधले जातात आणि ते इरावतीने रंगूनला, सालवीनने मोलमीनला जातात. झाडाला कडे कोरल्यापासून लाकूड गिरणीत पोचेपर्यंत कित्येक वर्षे जात. म्हणजे आपल्या झोपाळ्याच्या पाटीत कोणातरी हत्तीच्या आयुष्याचा एक तुकडा आहे.

आणि हत्ती म्हटला की हत्तीवाला आला. ब्रह्मदेशात त्याला 'ऊझी' म्हणतात. ऊझी बर्मी असत, शान असत, पण ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हत्ती बांधलेला अशांत करेन लोकांचे नाव मोठे. ब्रह्मदेशाचा पूर्वेकडचा डोंगराळ भाग आणि त्याला लागून असलेला सयामचा, म्हणजे आताच्या थायलंडचा, पश्चिम भाग हे त्यांचे घर. सरहद्द आखणाऱ्यांनी मधून रेघ ओढली आणि एकाच जातीची माणसे दोन देशांत विभागली गेली. त्यांच्यात स्गॉ आणि प्वो असे दोन मोठे भाग आहेत. थायलंडातले स्गॉ लोक स्वतःला 'पगाकन्यो' म्हणवतात आणि त्याचा अर्थ नुसता 'माणूस' असा आहे.

त्यांची एक जुनी कथा मला फार आवडली. तिच्यात चूल आहे म्हणून असेल! त्यांचा मूळपुरुष रानडुकराच्या सुळ्याच्या फणीने केस विंचरी, म्हणून त्याला म्हातारपण येत नसे. नव्या भूमीच्या शोधात तो सर्व गोतावळा घेऊन निघाला. वाटेत नदीकाठी मंडळींनी गोगलगायी शिजायला टाकल्या. त्या काही केल्या मऊ होईनात. म्हातारा कंटाळून पुढे गेला आणि म्हणाला, आटोपून मागून या. ती मंडळी शिजण्याची वाट पाहत बसली, पुढे वाटेवरची खूण बुजून गेली आणि सगळे मागेच राहिले. गोगलगायीचे शंख शिजत नसतात, हे त्या सैपाकिणींना कोणी सांगितले नाही. तेव्हापासून, म्हणतात, करेन लोक पुढे गेलेल्या आपल्या माणसाची वाट पाहत आहेत.

आपल्या वाचक भगिनींना आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. स्गॉ करेनांच्या रीतीप्रमाणे लग्न झाले की नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. घर बाईचे. घरच्या पूर्वजांचे जे देवकार्य, त्यात मुख्य मान घरातल्या सर्वांत वडील बाईचा. बाई गेली की तिचे घर मोडून टाकण्याची चाल पूर्वी होती. कुमारिका पांढरा, पायघोळ, अखंड झगा घालतात. लग्न झाले की चोळी आणि लुंगीसारखे वस्त्र, असे दोन कपडे. कापड घरच्याच मागावर विणलेले असते. मागाचे एक टोक खांबाला आणि दुसरे बाईच्या कमरेच्या पट्ट्याला. बाई मागे झुकली की ताणा घट्ट होतो. चोळीवर रानातल्या एका गवताचे पांढरे टणक बी मण्यांसारखे शिवतात. त्या चोळ्यांची चित्रे पाहिली तेव्हा आपल्या कशिद्याच्या वर्गातल्या मुलींना हा नमुना दाखवावा असे मला वाटले.

आणि मूल जन्मले की त्याची नाळ बांबूच्या नळीत घालून एखाद्या चांगल्या वाढत्या झाडाला बांधतात. ते झाड त्या मुलाचे. ते कोणी तोडायचे नाही, तोडले तर मुलाचा जीव दुखावतो. मी हे वाचून थांबलेच. नाळेच्या झाडाला कुऱ्हाड न लावणारी ही माणसे, आणि त्यांच्याच हत्तींनी डोंगरच्या डोंगर सागवान उतरवून मुंबई-लंडनच्या बाजारांत पाठवले. पोट माणसाला काय काय करायला लावते.

हत्ती म्हणजे करेन घराची इस्टेट. आपल्याकडे आंब्याच्या कलमांत भावांचे वाटे असतात तसे काही घरांत एका हत्तीत दोन-तीन भावांचे वाटे असतात. मोठ्या कंपन्या सयामच्या उत्तर भागात शिरल्या तेव्हा त्यांना स्वतःचे हत्ती पुरत नसत, म्हणून करेनांचे हत्ती भाड्याने घेत. दिवसभराचे काम आटोपले की हत्तीच्या पुढच्या दोन पायांत साखळी अडकवून त्याला रानात चरायला सोडत. मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या वर चारा लागतो. तो कोण कापून घालणार? त्याचे तोच खातो. गळ्यात लाकडी घंटा असते, ती माहुताने स्वतः कोरलेली. प्रत्येक घंटेचा आवाज निराळा. पहाटे धुक्यात माहूत रानात शिरतो आणि दहा घंटांमधून आपल्या हत्तीची घंटा ओळखून नेमका त्याच्यापाशी जाऊन उभा राहतो. आपल्या गोठ्यातल्या गाईच्या हंबरण्यावरून आपण ओळखतो, तसेच.

पण सर्वच गोड आहे असे सांगितले तर खोटे होईल. तीन-चार वर्षांचे पिल्लू आईपासून तोडून लाकडी खोड्यात कोंडायचे आणि ते वाकेपर्यंत उपाशी ठेवायचे, मारायचे, ही चाल त्या भागात जुनी आहे आणि करेन माहुतही तिला अपवाद नाहीत. भावोजी तो भाग वाचत होते तेव्हा मी त्यांना पुढचे पान काढायला सांगितले. हत्तीला घरचे माणूस म्हणायचे आणि हेही करायचे, याचा मेळ मला अजून लागलेला नाही. कंपनीतला विल्यम्स नावाचा एक साहेब, जो १९२० साली नोकरीला लागला आणि ज्याने १९५० साली 'एलिफंट बिल' हे पुस्तक लिहिले, त्याने मात्र पिल्लांना लाडीगोडीने शिकवण्याचा पुरस्कार केला.

आता सणाकडे वळते, कारण लेखाला नाव त्याचे दिले आहे.

करेन लोकांचा पाडवा ब्रह्मी पंचांगातल्या 'प्याथो' महिन्याच्या पहिल्या दिवशी येतो. ब्रह्मी महिने आपल्यासारखेच चांद्र आहेत. त्यांचा 'तगू' म्हणजे आपला चैत्र, 'वागाँग' म्हणजे श्रावण आणि 'प्याथो' म्हणजे पौष. आपण पौषाला भाकड महिना म्हणून कार्ये टाळतो आणि त्यांचे वर्ष त्याच महिन्यात उजाडते! कारण साधे आहे. त्या सुमारास डोंगरातले भात कापून, झोडून, कणगीत पडलेले असते. घरात धान्य आले की वर्ष सुरू झाले.

सरकारी सुट्टीचा सण म्हणून या दिवसाचे वय फार नाही. करेनांत कोणी बौद्ध, कोणी ख्रिस्ती, तर कोणी जुन्या देवाधर्माचे. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२८ साली पहिल्या करेन माणसाला बाप्तिस्मा दिला, त्यानंतर ही विभागणी वाढतच गेली. ज्यात सगळ्यांना एका पंगतीला बसता येईल असा एकही सण राहिला नव्हता. म्हणून त्यांच्या पुढाऱ्यांनी ना बुद्धाचा, ना येशूचा, असा सुगीचा दिवस निवडला आणि सरकारकडे मागणी लावून धरली. १९३८ सालापासून तो ब्रह्मदेशात सुट्टीचा दिवस झाला. आपले पूर्वज या भूमीत इसवी सनापूर्वी ७३९ साली आले अशी त्यांची परंपरा, म्हणून इसवी सनात ७३९ मिळवले की करेन साल येते. त्या हिशेबाने १९३८ हे त्यांचे २६७७ वे वर्ष. परंपरेला इतिहासकारांचा पुरावा नाही. पण आपल्या शालिवाहनाचे तरी काय, त्याने मातीच्या सैनिकांत प्राण फुंकला हे आपण पाडव्याला सांगतोच की!

त्या दिवशी रांगेत उभे राहून मुले-मुली नाच करतात, रेड्याच्या शिंगाचा कर्णा वाजतो आणि काशाचा ढोल वाजवतात. हा ढोल पाहण्यासारखा असतो. वरच्या चकतीच्या कडेला बेडकांच्या आकृत्या, कधी एकावर एक बसलेल्या. बेडूक पावसाला बोलावतो म्हणून. आणि ढोलाच्या अंगावरून वरून खाली उतरत येणारे चिमुकले हत्ती आणि गोगलगायी. त्या न शिजलेल्या गोगलगायी ढोलावर का, हे कोणा पुस्तकात मिळाले नाही, पण मला त्या पाहून हसू आले.

थायलंडातल्या डोंगरी खेड्यांत हाच पाडवा पुढेमागे, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, गावचा मुख्य ठरवील त्या दिवशी होतो. सण बायकांच्या हातून सुरू होतो. चिकट तांदूळ वाफवून घ्यायचा, तो गरम असतानाच उखळात घालायचा आणि काळे तीळ घालून असा कुटायचा की त्याचा एकजीव गोळा व्हावा. कुटायला दोघी-तिघी लागतात. आपल्याकडे त्याच दिवसांत संक्रांतीचे तीळ भाजले जात असतात. दोन्हीकडे थंडी एकच आणि तीळही एकच. फक्त त्यांच्यात गूळ मागाहून ज्याचा त्याने लावून घ्यायचा, आणि सणाला घरची तांदळाची दारू व कोंबडी लागतेच, हे आपल्यातल्या काही जणींना रुचायचे नाही.

मग येतो मुख्य विधी, मनगटाला दोरा बांधण्याचा. त्याच्यामागे एक समजूत आहे. माणसाच्या अंगात जो जीव असतो त्याला ते 'क्ला' म्हणतात. तो एक नव्हे, अनेक. थायलंडातल्या करेनांत ३७ जीव सांगतात, काही माणसाच्या देहात आणि बाकीचे रानातल्या पशुपक्ष्यांत. माणूस घाबरला, दुखण्याने खंगला, परमुलखात गेला की एखादा जीव वाट चुकून बाहेरच राहतो. आपणही म्हणतो ना, 'जीव थाऱ्यावर नाही' म्हणून! त्याला हाक मारून घरी आणायचा. वडील माणूस लाकडाने ठोकून, ये बाबा, रानात राहू नकोस, नदीकाठी राहू नकोस, घरी ये, अशा अर्थाच्या विनवण्या करते आणि जीव आला की तो पुन्हा जाऊ नये म्हणून मनगटाला पांढरे सूत बांधते.

हाच विधी पावसाळ्यात आणखी एकदा होतो, वागाँग महिन्यात, पुनवेच्या सुमारास. म्हणजे आपली नारळी पौर्णिमा! त्या वेळी ताटात सात वस्तू असतात : थंड पाणी, पांढरे सूत, भाताचे गोळे, पानात बांधून शिजवलेला चिकट भात, केळी, ऊस आणि फुले. पाणी मन थंड राहावे म्हणून. भाताच्या शितांसारखे सगळ्यांनी एकमेकांना धरून राहावे म्हणून गोळे. ऊस कुठेही लावा, मूळ धरतो, तसे आपल्या लेकरांनी जिथे जातील तिथे मूळ धरावे म्हणून ऊस. लेकरे कुठे कुठे गेली आहेत ते पुढे सांगते.

आणि ज्या घरी हत्ती आहे तिथे हत्तीचाही जीव बोलावण्याचा विधी असतो. तोही कष्टाने दमतो, रानात बिचकतो, त्याचाही जीव हरवतो. आपण पोळ्याला बैलाची शिंगे रंगवून त्याला पुरणपोळी देतो आणि त्या एका दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवीत नाही, त्याच जातीची ही कृतज्ञता आहे. मात्र बैल संध्याकाळी गोठ्यात येतो. हत्ती आणि त्याचा माहूत महिनेच्या महिने येत नसत.

मी जो हिशेब मांडला तो असा. लाकूड ओढण्याचा हंगाम जूनपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. हत्तीला ऊन सोसत नाही, म्हणून मार्च ते मे विश्रांती. म्हणजे पौषातला पाडवा भर कामाच्या दिवसांत आला. ओंडके कोरड्या ओढ्यात नेऊन ठेवण्याची घाई असताना कितीकांना रजा मिळत असेल? घरी भात आले, तीळ कुटले, बाईने मुलांच्या मनगटांना सूत बांधले आणि घरधनी दोन डोंगरांपलीकडे हत्तीच्या मानेवर. असे पाडवे कितीतरी घरांनी काढले असतील. हे पुस्तकात लिहिलेले नाही. पण आपल्या कोकणातल्या बाईला ते पुस्तकातून वाचावे लागत नाही. आमच्या सासूबाईंची उमर गिरणीतल्या नवऱ्याच्या मनिऑर्डरीवर आणि गणपतीच्या चार दिवसांवर गेली. एका वर्षी संपामुळे की कशामुळे ते आले नाहीत, तर त्यांनी गौरीपुढे त्यांच्या वाटचे पान मांडून ठेवले होते, असे त्या सांगत.

पुढचा इतिहास भराभर सांगते, कारण तो सगळा घर सुटण्याचाच आहे. १९४२ साली जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला. १९४४ च्या वसंतात त्याच विल्यम्स साहेबाने चाळीस-पन्नास हत्ती डोंगर ओलांडून आसामात सिल्चरच्या बाजूला आणले. बरोबर चाळीस हत्यारबंद करेन होते, नव्वदएक माहूत व त्यांचे मदतनीस होते आणि चौसष्ट निर्वासित बायका-मुले होती. वाटेत उभा कडा आला. त्याच्यात पायऱ्या कोरल्या आणि बांडूला नावाच्या थोरल्या हत्तीला पुढे घातले. तो चढला तसे मागचे एकामागून एक चढले. त्या चौसष्ट बायका-मुलांची नावे कोणी लिहून ठेवली असती तर बरे झाले असते. हत्तीचे नाव राहिले, हेही काही थोडे नाही.

१९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. करेनांनी पूर्वी इंग्रजांची बाजू घेतलेली, त्यामुळे दोन्हीकडे वैर मुरलेले होते. १९४९ च्या जानेवारीअखेर करेनांचे आणि सरकारचे जे युद्ध पेटले ते पिढ्या उलटल्या तरी पुरते विझले नाही. १९८४ पासून हजारो कुटुंबे थायलंडच्या सरहद्दीवरच्या छावण्यांत राहू लागली. २००५ नंतर त्यांतली पुष्कळशी अमेरिकेत नेऊन वसवली गेली. बर्फात उभे राहून तिथल्या मुली विणलेले झगे घालून पाडव्याचा नाच करतात. २०२१ सालच्या लष्करी उठावानंतर तर पुन्हा गावेच्या गावे रानात पळाली. आपल्या देशातही करेन आहेत बरे! १९२५ साली जंगलकामासाठी काही कुटुंबांना अंदमानात नेले. मायाबंदरजवळ वेबी हे त्यांचे गाव. अंदमान म्हटले की आपल्याला सावरकरांची कोठडी तेवढी आठवते. तिथल्याच दुसऱ्या बेटावर ही आपली करेन शेजारीण शंभर वर्षे नांदते आहे, हे मला या निमित्ताने कळले.

थायलंडात लढाई नव्हती, तिथे संकट दुसरे आले. १९८८ च्या नोव्हेंबरात दक्षिणेत भयंकर पूर आला. डोंगर बोडके केले म्हणून माती सुटली, असे सर्वांचे म्हणणे पडले आणि १९८९ च्या जानेवारीत सरकारने व्यापारी जंगलतोड बंद केली. निर्णय योग्यच होता. पण हजारो हत्ती एका दिवसात बेकार झाले. गिरणी बंद पडल्यावर कामगाराचे काय होते ते आपण १९८२ नंतर मुंबईत पाहिले. हत्तीला तर गावीही परत नेता येईना, कारण चरायला रान कुठे उरले होते? काही माहूत बँकॉकच्या रस्त्यांवर हत्ती घेऊन केळी विकत भीक मागू लागले. बाकीचे प्रवाशांना पाठीवर बसवण्याच्या छावण्यांत गेले. ब्रह्मदेशातही २०१४ साली कच्चे ओंडके परदेशी पाठवणे बंद झाल्यावर असेच झाले.

आणि मग २०२० साल आले. करोनाची टाळेबंदी आपण विसरलेलो नाही. चियांग माईच्या आसपासच्या छावण्यांत परदेशी प्रवासी येईनासे झाले. हत्तीला चारा घालायला पैसा नाही, बसायला माणूस नाही. तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत करेन माहुतांनी ठरवले, घरी जायचे. शंभराहून अधिक हत्ती डोंगरांतल्या आपापल्या खेड्यांकडे निघाले. मे चेम भागातली खेडी तिथून दीडशे किलोमीटरांवर. सगळी वाट पायी. त्याच दिवसांत आपल्याकडे मुंबईहून माणसे डोक्यावर बोचकी घेऊन कशी चालत निघाली होती, ते डोळ्यांपुढे येते. त्यांत आणि यांत फरक एवढाच की ही मंडळी हत्तीला मागे ठेवून आली नाहीत.

काही हत्ती वीस वर्षांनी गावात पाय ठेवीत होते. खेड्याखेड्यांत त्यांच्या स्वागताचा सण झाला. पंचांगात नसलेला, कोणी सुट्टी न दिलेला! पंगती उठल्या, माणसे आणि हत्ती एका ठिकाणी झाली. त्या वर्षी पाडव्याला पुरुषमाणसे घरात होती आणि हत्तींच्या लाकडी घंटा गावामागच्या रानात ऐकू येत होत्या.

मात्र ते रान आता पूर्वीचे राहिलेले नव्हते. मे चेमच्या डोंगरांवर पुष्कळ ठिकाणी साग आणि बांबू जाऊन मक्याची शेते आली होती. हत्ती शेजाऱ्याच्या मक्यात शिरला तर भांडण आणि भरपाई, म्हणून त्याच्यासाठी गवत लावायचे, पहाटे उठून ते कापून आणायचे, हे नवे काम घरांवर पडले. दिवसाला दीडशे किलो! पुढे प्रवासी परत येऊ लागले तसे बरेच हत्ती पुन्हा छावण्यांत गेले आणि काही गावातच राहिले. भाचीला मी हे सगळे पत्राने कळवले. तिचे उत्तर आले, त्यात राजाबद्दल एक अक्षर नव्हते. तिने विचारले होते, "मावशी, जे राहिले त्यांना गवत कोण घालतं?"